पश्चिमेला समुद्र

जागेच्या कागदावर चारही बाजूंचे शेजारी लिहिलेले असतात. एजंटाने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले. पूर्वेला रस्ता, उत्तरेला नारळाची बाग, दक्षिणेला पायवाट, पश्चिमेला समुद्र. ऐकूनच मी हरखले. लातूरला आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात माझी वीस वर्षं गेली होती आणि आता साक्षात समुद्राचा शेजार मिळत होता. माझे वडील, आबा, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "पश्चिमेचा शेजारी कसा हाय? बांध कोरतो का?"

एजंट हसला. मला हसू आलं नाही. कंधारकडच्या आमच्या शेताचा शेजारी दर नांगरटीला वीतभर बांध कोरायचा. आबा जन्मभर त्याच्याशी भांडले आणि तोच आता माझा वाटा विकत घ्यायला तयार होता. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि तो वाटा विकूनच या जागेचे पैसे उभे राहणार होते. वाटणी झालेली नसल्यामुळे आबांच्या सहीवाचून सगळं अडलं होतं. संमतीपत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि त्यांचं घरापासून एकच पालुपद, "जागा बघितल्याबिगर सही न्हाई." सबंध प्रवासात आम्ही धड बोललो नाही. मी हट्टी, आणि ते तर माझे बाप.

सकाळची वेळ होती, समुद्र लांब होता. आबांनी चपला काढल्या आणि हद्दीवरून चालायला लागले. प्रत्येक बाजूच्या हद्दीच्या दगडाला वाकून हात लावायचा, मग पुढे जायचं. जमीन घेताना आमच्याकडे म्हातारी माणसं असंच करतात. पश्चिमेच्या दगडापाशी ते जास्त वेळ वाकून राहिले. कंबर धरली असेल असं मला वाटलं. मी घड्याळ बघत, मनातल्या मनात चरफडत उभी. आता हे नाही म्हणणार, मग मी काय करणार?

परत येऊन ते म्हणाले, "घे."

एवढंच. माझा कानांवर विश्वास बसेना. शेतात कोण येणार हे ठाऊक असूनही ते घे म्हणाले होते. जेवण मी घाईघाईने उरकलं, त्यांचं मन फिरण्याआधी सही व्हायला हवी होती.

दुपारी आम्ही परत जागेवर गेलो. समुद्र जवळ आला होता. तळं पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात आटतं, एवढंच आमच्या गावाचं पाण्याचं ज्ञान. भरती-ओहोटी मी स्वतः शाळेत शिकवते, पण जागा बघताना ती माझ्या डोक्यातही आली नाही. शहाणी ती मी. पश्चिमेचा दगड कुठे दिसेना, तिथे नुसतं पाणी होतं. एजंट माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भरती आहे ताई, उतरेल तासाभरात."

आबांना मोतीबिंदू होता, लांबचं धुरकट दिसायचं. त्यांनी विचारलं, "बाई, पश्चिमेचा दगड दिसतो का गं?"

"हाय की, तिथंच हाय," मी म्हणाले.

"बरं."

एजंटाच्या गाडीच्या बॉनेटवर मी संमतीपत्र पसरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं. आबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पेन घेतलं, नावाचं पहिलं अक्षर काढलं. दुसरं अक्षर सुरू झालं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"आबा, दगड पाण्यात गेलाय."

"ठावं हाय. सकाळी हात लावला तवाच बोटाला शेवाळ लागलं. कोरड्या जाग्यावर शेवाळ धरतं व्हय?"

मला त्यांचा भयंकर राग आला. "मग घे कशाला म्हणलात? अन् आता सही कशाला करत होतात?"

त्यांनी पेनाचं टोपण शांतपणे लावलं. "सकाळी वाटलं, मास्तरीण हाय, तिला बी दिसलंच असंल, तरी घेतीया तर घेऊ दे. मगाशी तू खोटं बोललीस. जन्मात कधी माझ्याशी खोटं बोलली न्हाईस. मला वाटलं, पोरीला लईच निकड हाय."

एजंटाला नाही म्हणून मीच सांगितलं. आबांच्या तोंडाकडे बघायचा धीर मात्र परतीच्या गाडीत बसले तरी झाला नाही.