सव्वा मूठ गहू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीला नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. एवढी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेली गोष्ट आता बाहेर पडणार. मधे अडवू नका. अडले की परत गिळीन!

आधी हातांचं सांगते. थोरला मुलगा झाल्यावर वर्षभरात माझ्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठावं तर मूठ म्हणून वळत नाही, मनगटं तापलेली, गुडघे जागचे हलत नाहीत. ऊन वर चढलं की जरा सैल पडायचं. वैद्यबुवांनी आमवात सांगितला. सुंठीचा काढा झाला, एरंडेल झालं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला. पण दुखणं परवडलं हो! ते निदान कळतं तरी. डोक्याचं काय करायचं? डोक्यात पिंजलेला कापूस भरल्यासारखं व्हायचं. कोठीत जायचं आणि उभंच राहायचं — आपण आलो कशाला? ताकाला द्यायची फोडणी एकदा दुधाला दिली!

मग मी युक्त्या काढल्या. घर उठायच्या आधी ऊन पाण्यात हात बुडवून बसायचं. लक्षात ठेवायचं ते पदराला गाठ मारून ठेवायचं — आणि दुपारी गाठ बघून विचार करायचा, ही कशाची? कणीक मळायची वेळ आली की धाकट्या जावेला म्हणायचं, "तू मळ गं, तुला शिकायला हवं." शेजारणी म्हणायच्या, थोरली किती मायेनं शिकवते! मी आपली मान डोलवायची. लाज म्हणून नाही वाटली.

लपवायचं कशाला, असं वाटलं ना तुम्हाला? माझ्या मावशीचे हात असेच गेले होते. तिला घरानं ओसरीवर खाट टाकून दिली, आणि पुढे तिच्यासमोरच "ती लुळी" म्हणून बोलायला लागले. मी थोरली सून होते. मला ती खाट नको होती.

जाऊ म्हणजे इंदू. अमळनेरची, लग्नाला वर्षही न झालेली, हसरी पोर. तिला हातांचं कळलं होतं. बोलली कधी नाही, पण निर्गुडीचा पाला गरम करून गुपचूप आणून द्यायची. माझे धाकटे दीर जळगावला एका शेटजींच्या दुकानात कामाला. ते ज्येष्ठातच तिकडे गेले होते आणि दिवाळीपर्यंत त्यांना रजा नव्हती. इंदू पहिल्या आखाडासाठी माहेरी जाऊन श्रावणात परत आली. आल्या आल्या मला गोठ्यात ओढत नेऊन कानात म्हणाली, "अक्का, माले दिवस गयात!" दुसरा महिना संपत आला होता. तिसरा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं, नजर लागते ना. मला आधी सांगितलं — सासूबाईंच्या आधी, नवऱ्याच्याही आधी! आम्ही दोघी इतक्या हसलो की गाय दचकून उठली.

आणि त्याच आठवड्यात कानबाई आली, आमची श्रावणातली देवी. आमच्या धुळ्याकडे कानबाई म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. घर सारवून लखलखीत, माणसांनी भरलेलं, गाण्यांनी नुसतं दणाणलेलं! तिचे रोट करायचे ते घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून. एकेकाचं नाव घ्यायचं नि मूठ टाकायची. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मी माझ्यांना "घरधनी" म्हणायची. मोजायचा मान थोरल्या सुनेचा. नाव सुटलं तर मोठा अपशकुन.

मोजायचं सकाळीच, न्हाऊन. म्हणजे माझ्या हातांची सगळ्यांत वाईट वेळ. मूठ वळेना. गहू बोटांतून गळत होते. ते सावरता सावरता डोक्यात कापूस भरला — कुणाचं नाव झालं? कुणाचं राहिलं? मी मोजतच गेले. शेवटी शेजारी बसलेली इंदू हळूच म्हणाली, "अक्का, यासनं नाव रही गयं ना?"

तिच्याच नवऱ्याचं नाव सुटलं होतं! आणि तेवढ्यात दारात सासूबाई. "काय जयं व? का थांबन्यात?"

काय सांगायचं होतं? हात चालत नाहीत, डोकं चालत नाही, एवढंच. मी म्हणाले, "हिला कावळा शिवलाय. लपवून गव्हाला हात लावला हिने. मी पाहिलं."

कुठून आलं ते तोंडात? पण आलं, आणि मी ते परत घेतलं नाही. इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. आणि गव्हापासून दूर सरकून बसली. सासूबाई तिला नको नको ते बोलल्या. मोजलेले गहू गुरांपुढे टाकले, नवे त्यांनी स्वतः मोजले. माझे हात कुणी बघितलेच नाहीत! सणभर इंदू गोठ्याच्या कडेला बसून गाणी ऐकत होती. आणि मी? पांझरा नदीवर कानबाई बोळवायला नाचत गेले. दुपारनंतर बोटं सैल पडली होती, मी फुगडीसुद्धा घातली. खरं सांगते, मला मजा आली.

चार दिवसांनी इंदूच निर्गुडी घेऊन आली. "हात भलता दुखस ना, अक्का?" म्हणाली. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटतं कुठलं! नवरात्रापर्यंत पोट दिसायला लागलं. सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. श्रावणात हिला कावळा शिवला म्हणजे तेव्हा दिवस नव्हते, आणि पोरगा तर ज्येष्ठापासून जळगावात. मग हे कुणाचं? इंदू रडून सांगत होती, मला आधीपासूनच दिवस होते. ऐकतं कोण? थोरलीनं डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

दिवाळीला दीर आले. गरीब माणूस, त्यांना बायकोवर विश्वास ठेवायचा होता, चेहऱ्यावर दिसत होतं. सगळ्यांसमोर मला विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही खरंच पाहिलं होतं?" इंदू दाराशी उभी होती. "अक्का, सांगा ना यास्ले. तुमले ते बठ्ठं ठाऊक शे." सगळं ठाऊक होतंच मला.

एक वाक्य हवं होतं माझं. एक! "खोटं बोलले मी," एवढंच.

मी माझे सुजलेले हात पुढे केले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत दाखवले. म्हणाले, "भाऊ, माझं डोकं हल्ली चालत नाही. या दुखण्यानं काही ध्यानात राहत नाही. मला आठवत नाही." आणि रडले. लोकांना माझीच दया आली! सासूबाईंनी मला खाली बसवलं, कुणी पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी घरातले इंदूला अमळनेरला पोचवून आले. दिरांनी वर्षभरात दुसरी केली.

ओसरीवर खाट मला काही कुणी टाकली नाही. सगळे सांभाळून घेतात. इंदूला फाल्गुनात मुलगी झाली. ती आता परकर नेसते, मामाच्या दारात वाढते. पाहून आलेले सांगतात, तोंडावळा हुबेहूब आमच्या दिरांचा.

त्या दिवाळीच्या दिवशी माझ्या डोक्यात कापूस भरला नव्हता. मला सगळं आठवत होतं.