खालची खाच

शिरूरच्या काष्ठौषधीच्या दुकानात कुड्याची साल तोलून घेत होते, तेव्हा पाटसहून वहिनींचा फोन आला. "वन्सं, ह्ये गेलं..." दुकानदाराने पुडी बांधली. मी ती पिशवीत टाकली आणि यादीतल्या त्या ओळीवर सवयीने रेघ मारली. दीड महिना झाला. पुडी अजून सोडलेली नाही.

आप्पा माझा थोरला भाऊ, साखर कारखान्यात फिटर. आतड्याची सूज त्याला कितीतरी वर्षं होती. अशी सूज मुरली की तिथेच कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दरवर्षी दुर्बिणीने आतडं तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या गोळ्या, तारखा सगळं माझ्या वहीत. गळीत हंगामात तो रजा घेत नसे, म्हणून 'दुर्बीण – कारखाना बंद झाल्यावर' ही ओळ त्यात दरवर्षी असेच. "डॉक्टरला माझं त्वांड आवडत न्हाई, तायडे," तो तपासणीला जाताना म्हणे, "म्हणून मागनं बघतोय."

मग मी एका व्याख्यानाला गेले. झाडांच्या अर्कांनी सूज उतरवून हा कॅन्सर टाळता येईल का, हे आम्ही अजून उंदरांवरच तपासतोय, असं व्याख्यान देणाऱ्या संशोधक बाई म्हणाल्या होत्या. माझ्या वहीत एवढंच उतरलं: 'कॅन्सर टाळण्यासाठी – कुडा, हळद.'

आप्पाने काढा मनावर घेतला. कडुलिंबाच्या काडीवर सारख्या अंतराने चार खाचा पाडल्या. पाणी वरच्या खाचेपर्यंत घ्यायचं, आटून खालच्या खाचेवर आलं की गॅस बंद. काही महिन्यांत शौचातून रक्त पडायचं थांबलं, तो पुन्हा ठेचा खाऊ लागला. गोळ्याही चालूच होत्या, पण श्रेय आम्ही काढ्याला दिलं. नव्या वहीत ओळी उतरवताना मी त्याला फोन केला. "दुर्बीण ठेवू का, आप्पा?"

"काढा हाय की. आता नळी कशाला? तूच सांग."

मी ती ओळ उतरवली नाही.

दोन हंगाम गेले. पोटात दुखायला लागलं तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. दवाखान्यात त्याने मला जवळ बोलावलं. मी रागावेन असं त्याला वाटलं असावं... "काढा एक दिस चुकवला न्हाई, तायडे. साल संपत आलीय, तेवढी आण."

वहिनींनी ती काडी मला दिली. टेबलावर पेनांमध्ये उभी असते, खालची खाच काळी पडलेली. सकाळी यादी करायला बसले की हात आधी लिहितो, 'दुर्बीण – आप्पा'. बाकीच्या ओळी संध्याकाळपर्यंत खोडल्या जातात.