संचालकांचा पांढरा रस्सा

छाती उघडून कॅन्सर काढणारी बाई बघितली की नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर हमखास विचारायचं, "मोठे डॉक्टर कधी येणार?" मी म्हणायचे, "मीच. बसा गप."

आमच्या धर्मादाय दवाखान्यात माझा ऑपरेशनचा वार एकच, मंगळवार. त्या आठवड्यात फळ्यावर पहिलं नाव कुरुंदवाडकडच्या एका बाईचं होतं. गुऱ्हाळावर चुलीत जळण घालायची. वर्षभर तिच्या खोकल्याला टीबीच्या गोळ्या चालल्या; निघाली फुप्फुसात गाठ. अजून काढता येत होती. आणखी लांबलं असतं तर मीही हात टेकले असते.

सोमवारी एका साखर कारखान्याचे संचालक दाखल झाले. त्यांचीही गाठच, पण साधी. सोबत दोन जीपगाड्या भरून कार्यकर्ते. "सायबांचं पैलं करा की, मॅडम!"

"इथं काय पंगत बसलीय?" मी खेकसले. मग विश्वस्तांचा फोन आला. गरीब-श्रीमंत एका रांगेत म्हणून तासभर भाषण ठोकणाऱ्या या बयेनं मुकाट खडू घेतला आणि बाईचं नाव पुसलं. ती पुढच्या मंगळवारवर गेली. तिसऱ्यांदा. लाज वाटली, पण नाव पुसलंच.

मंगळवारी सकाळी संचालक थिएटरच्या दारात ढेकर देत आले. भूल देणारे डॉक्टर दचकले. "काही खाल्लंत?"

कार्यकर्ते अभिमानानं म्हणाले, "खाल्लं न्हाय, प्यालेत. दोन वाट्या पांढरा रस्सा. रिकाम्या पोटी ताकद कुठनं यायची?"

भुलीत तो रस्सा उलटून फुप्फुसात गेला असता तर साहेब गेलेच असते. ऑपरेशन रद्द! मला हसू आवरेना. आता बाईला घेता येणार होतं! मग लक्षात आलं, आज नंबर नाही म्हणून तिनं न्याहारी केली असणार. वॉर्डात धावले. ती कॉटवर बसलेली, ताटली झाकलेली.

"काही खाल्लंस का गं?"

"न्हाय अक्का. आल्यापास्नं सकाळचं खातच न्हाय. कवा बोलवशीला, काय नेम?"

मी स्वतःच तिची ट्रॉली ढकलत थिएटरात नेली.

गाठ सगळी निघाली. त्याच दिवशी खडू मोठ्या सिस्टरांच्या ताब्यात दिला आणि बजावलं, मी मागितला तरी द्यायचा नाही.

चार दिवसांनी सकाळी वॉर्डात गेले, तर तिची ताटली पुन्हा झाकलेलीच.

"आता का गं?"

"आता खाल्लं तर चालतंय व्हय, अक्का?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथंच बसले आणि तिला उप्पीट भरवता भरवता भडाभडा रडले.