शब्दांना मूळ गाव विचारणारा

बाळू मास्तर गेल्याची बातमी शाळेच्या मोबाइल ग्रुपवर आली. वर गुलाबाचं 'सुप्रभात', मध्ये मास्तर, खाली पुन्हा गुलाब... ज्यांनी त्याला जन्मभर 'डिक्शनरी' म्हणून हिणवलं, तेच हात जोडल्याची चित्रं टाकत होते. हिणवण्यात मी सगळ्यांच्या पुढे, तेव्हा चित्र टाकण्यातही मागे राहिलो नाही.

कर्जतच्या एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं काढली. मी मराठी शिकवायचो, तो इंग्रजी. माणूस कळंबच्या शेतकऱ्याच्या घरातला, पण खूळ कसलं, तर एकसारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांची मुळं शोधायची! आमच्याकडे सोयरीक जमवताना आडनाव एकच निघालं की आधी मूळ गाव आणि देवक विचारतात. हा शहाणा तेच शब्दांना विचारायचा. "कुत्रा भुंकतो तो बार्क, झाडाची साल तीबी बार्क. आडनाव एक, पर भाऊबंद नाय रं वसंता! भुंकणारा इंग्लंडातलाच, साल उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांसंगं आलेली."

"मग उरकून टाक लग्न," मी म्हणायचो. स्टाफरूम खो खो हसायची. तो निळ्या वहीत दोन वेगळी घरं आखायचा. एकदा सील निघालं. समुद्रातला प्राणी इंग्लंडचा, पाकिटावरचं सील लॅटिनातून फ्रेंचांकडे आणि तिथून इकडे. मी जांभई दिली होती.

शेजारची शेतं रिसॉर्टवाल्यांनी घेतली तरी हा ओटीवर वही घेऊन बसलेला. शेवटचा भेटलो तेव्हा म्हणाला, "मेच्या सुट्टीत लता समदी वही साफ अक्षरात उतरवणार हाय. तवर टिकलो म्हंजे झालं." लता त्याची मुलगी, खालापूरला शिक्षिका. बापाचं खूळ लेकीलाही लागलं म्हणून मी कपाळावर हात मारला.

माणसाच्या आवडीची वस्तू आमच्याकडे चितेवर देतात, कुणाची तंबाखूची डबी, कुणाची काठी. अंत्ययात्रा निघताना ओटीवरची वही मी उचलली. शाळेच्या ज्या चेअरमननी मास्तरचे तास काढून घेतले होते, तेच स्मशानात 'इंग्रजीचा वाघ' वगैरे बोलत होते. त्यांचं संपताच मी वही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि मास्तरच्या छातीवर ठेवली. लोक हळहळले. खोटं कशाला सांगू, मला फार भारी वाटलं.

बायका घरीच थांबलेल्या. परतल्यावर लतानं विचारलं, "काका, दादांची वही दिसत नाय. तुमी ठेवलीत का कुठं?"

"त्याच्याजवळच दिली गं," मी ऐटीत म्हणालो.

"काका... एकच होती ती. उतरवायची राहिली होती."

दहाव्याला तिनं माझ्या हातात नवी निळी वही दिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "दादा रोज तुमालाच ऐकवायचे. आठवेल तेवढं लिवा."

महिना झाला. वहीत बार्क आहे, सील आहे, पुढची पानं कोरी. रोज सकाळी पेन घेऊन बसतो. तीस वर्षं तो मला शब्द सांगत होता, आणि मला आठवतात ते फक्त माझे विनोद. ते मात्र सगळे आठवतात.