गळक्या छपराची जाहिरात

जाहिराती वाचून चिडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण जाहिरात खरी की खोटी हे स्वतःच्या टकलावर, दातांवर आणि बायकोच्या साडीवर तपासून बघणारा माणूस उभ्या डहाणू तालुक्यात एकच झाला, आणि तो आम्हालाच विज्ञान शिकवायला होता. मी त्यांच्या हाताखाली दहावी झाले आणि पुढे त्याच शाळेत चित्रकलेची बाई म्हणून परत आले. म्हणजे बाकाच्या दोन्ही बाजूंनी मी सरांना सोसलंय. तेव्हा त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असेल तर त्यांच्या बायकोला. पण काकू फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, “लग्न ठरवताना मध्यस्थानं सांगितलं, मुलगा शांत स्वभावाचा आहे. ती जाहिरात मी तपासली नाही गं, चूक माझीच.”

सरांकडे एक जाड वही होती. तिच्यात डाव्या बाजूला वर्तमानपत्रातून कापलेली जाहिरात चिकटवलेली आणि उजव्या बाजूला शेरा. शेरे तीनच: ‘खरं’, ‘खोटं’ आणि ‘पाहू’. ‘खरं’ हा शेरा मी त्या वहीत फार शोधला तेव्हा एका उदबत्तीसमोर सापडला, कारण तिच्या जाहिरातीत ‘जळते आणि वास येतो’ याहून जास्त काही म्हटलेलंच नव्हतं. आम्ही नववीत असताना कुठल्याशा दंतमंजनवाल्यानं ‘सात दिवसांत मोत्यासारखे दात’ असं छापलं. झालं! सरांनी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडच्यांनी मंजन लावायचं, भिंतीकडच्यांनी घरची राखुंडी. मी भिंतीकडची, त्यामुळे आठवडाभर खिडकीकडच्यांचा हेवा करण्यात गेला. सातव्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना मैदानात उन्हात रांगेत उभं केलं आणि म्हणाले, “दाखवा!” नेमके त्याच वेळी शाळा तपासणीला आलेले साहेब फाटकातून आत शिरले. चाळीस पोरं ओळीनं उभी राहून आपल्याकडे बघत दात विचकतायत, हे स्वागत त्यांना काही रुचलं नाही. मुख्याध्यापकांची बोबडी वळली. सर मात्र साहेबांना हाताला धरून रांगेपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, “बरं झालं आलात. तटस्थ माणूस हवाच होता. सांगा बघू, मंजनवाले कोणते?” साहेबांनी तीन राखुंडीवाले निवडले. त्यांत मी एक होते, आणि सांगायला हरकत नाही, शाळेत मला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं बक्षीस.

मग ते केसांचं तेल. सरांचं टक्कल मुळात छान गुळगुळीत होतं, त्यांनाही त्याबद्दल काही दुःख नव्हतं. पण ‘तीन महिन्यांत दाट केस’ हे वाचल्यावर त्यांना झोप लागेना. त्यांनी बाटली आणली आणि रोज सकाळी डोक्याच्या फक्त डाव्या बाजूला चोळायला सुरुवात केली. उजवी बाजू तुलनेसाठी! तीन महिने हा माणूस अर्धं डोकं चकचकीत आणि अर्धं कोरडं घेऊन स्टेशनरोडनं शाळेत यायचा. लोक थांबून बघायचे, सर थांबून त्यांना प्रयोग समजावून सांगायचे. शेवटी त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. कंपनीनं दिलगिरी वगैरे काही कळवली नाही, तेलाची मोठी बाटली भेट म्हणून पाठवून दिली. सर काय भडकले म्हणता! “मी तक्रार करतोय आणि हे मला लाच देतायत!” ती बाटली त्यांनी शाळेच्या फाटकाच्या बिजागरीत ओतली. वर्षानुवर्षं कुरकुरणारं फाटक त्या दिवसापासून गप्प झालं. वहीत शेरा पडला: ‘केसांसाठी खोटं. फाटकासाठी खरं.’

इतका चिकित्सक माणूस सिनेमाच्या वाटेला जाणार नाही असं तुम्हाला वाटेल. छे! गावातल्या थिएटरात लागलेला एक सिनेमा त्यांनी सोडला नाही. आणि बघायचे तो घड्याळ हातात घेऊन. एकदा आम्ही शिक्षक मंडळी मिळून गेलो होतो. नायकाच्या छातीत गोळी लागलेली, डोकं आईच्या मांडीवर, आणि तो आपला बोलतोय, बोलतोय. सगळं थिएटर हुंदके देतंय. तेवढ्यात अंधारातून सरांचा आवाज आला, “सहा मिनिटं झाली! गोळी फुप्फुसात आहे, एवढा श्वास येतोय कुठून?” पुढच्या रांगेतले किराणावाले शेठ रुमालात नाक पुसत मागे वळले आणि अक्षरशः हात जोडून म्हणाले, “मास्तर, रडवा दो ने! रडू तरी द्या!” मी शरमेनं खाली बघितलं, तर सरांच्या स्वतःच्याही गालांवरून धारा लागलेल्या. सिनेमा सुटल्यावर मी विचारलं तर म्हणाले, “रडू येतं ते वेगळं. श्वासाचा प्रश्न तसाच राहतो.”

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. पण नव्वदीच्या दशकात हायवेला, चारोटीच्या बाजूला, एक नवी इंग्रजी शाळा निघाली आणि आमच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. त्यांची पिवळी बस, त्यांची गुळगुळीत कागदावरची हँडबिलं, आणि दिवसभर रिक्षातून फिरणारा भोंगा: ‘आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भविष्याची हमी!’ दोन वर्षांत आमच्या आठवीची एक तुकडी ओस पडायला आली. वरून पत्र आलं, की जूनमध्ये आणखी बारा मुलं आली नाहीत तर ती तुकडी बंद आणि एक शिक्षक अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे नोकरीत सगळ्यात नवी कोण ती. म्हणजे मी. कुठे शहापूर-मुरबाडकडे टाकतील याचा नेम नाही, आणि घरी आई एकटी, गुडघ्यांनी अधू, भिंत धरून चालणारी. त्या महिन्यात मी जेवले किती आणि रडले किती, माझं मला माहीत.

सभा भरली. थिएटरचे मालक आमच्याच शाळेचे विद्यार्थी. मध्यंतरात पडद्यावर जाहिरातींच्या काचा, म्हणजे स्लाइडी, दाखवतात, त्यात शाळेची एक काच फुकट दाखवू म्हणाले. पण मजकूर लिहिणार कोण? आणि सर उभे राहिले. “बाईंची नोकरी जातेय. मी लिहितो.” ज्यानं आयुष्यभर जाहिरातींचं नरडं धरलं, तो आता माझी नोकरी जाहिरात लिहून वाचवणार! दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद माझ्या हातात दिला. काचेवर अक्षरं मलाच काढायची होती. मजकूर असा होता:

‘आमच्या शाळेत आठवीचे प्रवेश सुरू आहेत. छप्पर दोन ठिकाणी गळतं. दुरुस्त होईल, असं मुख्याध्यापक म्हणतात. सूक्ष्मदर्शक एकच आहे, पण चांगला आहे. गणिताचे शिक्षक रागीट आहेत, शिकवतात उत्तम. भविष्याची हमी देता येत नाही. बोंबील वाळत घालायच्या दिवसांत मुलींना सकाळी जमलं नाही, तर राहिलेले तास मी संध्याकाळी घेईन. दहावीपर्यंत थांबेन. – विज्ञान शिक्षक.’

मी म्हटलं, “सर, पाया पडते, ते छपराचं तेवढं गाळा.”

“मग खोटं लिहू?”

“खोटं नका लिहू हो! पण गप्प तरी बसता येतं ना?”

“गप्प बसणं हाच जाहिरातवाल्यांचा अर्धा धंदा आहे,” असं म्हणून ते चालते झाले. मी दात-ओठ खात ती अक्षरं काढली. गणिताचे सर पुढे महिनाभर आम्हा दोघांशी बोलले नाहीत, आणि त्यामुळे ‘रागीट’ हा शब्द आपोआपच तपासून झाला.

मे महिन्यातल्या तीनच्या खेळाला ती काच पहिल्यांदा पडद्यावर आली. सिनेमा गर्दीचा होता. आगर, चिखले या किनाऱ्यावरच्या गावांतल्या बायका घोळक्यानं आल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या ओच्यात शेंगा. एकानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘छप्पर गळतं’ला जो हशा फुटला, तो ‘रागीट’पर्यंत छपराला भिडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारी सर हातातल्या घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, “साबणाच्या जाहिरातीपेक्षा जास्त वेळ बघतायत.”

जून उजाडला. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत टेबलाशी माशी नाही. मी मनातल्या मनात आईचं सामान बांधायला घेतलं होतं. इतक्यात आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी आगरची मावशी आत आली. मागे सात-आठ बायका, त्यांच्यामागे त्यांच्या मुली. होड्या पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून सगळ्यांना सवड. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ओ बाई, ते गळतं ते छप्पर पयलं दाखवा.”

मी काय करणार? नेलं वर्गात. कोपऱ्यात घमेलं ठेवलेलं, वर भला मोठा डाग. मावशीनं मान वर करून नीट बघितलं, मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन तिथलंही बघितलं. “दोनच हायेत,” ती बाकीच्यांना म्हणाली. “लिवलंय तसंच. मंग तो मास्तर संध्याकाळी थांबेन म्हणतो, तर थांबेल.”

गोष्ट एवढीच होती हो. होड्या बोंबील घेऊन आल्या की ओला माल कुणासाठी थांबत नाही. घरातल्या मुलींना सकाळीच बांबूंवर एकेक बोंबील टांगायला बसावं लागतं, म्हणून सातवीनंतर त्यांची शाळा सुटायची. हायवेच्या पिवळ्या बसला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गावात जन्म काढून मलाही ते कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी तेरा मुलींची नावं पडली. मी टेबलाशीच रडायला लागले. सर म्हणाले, “डोळे पुसा. अर्जावरची शाई पसरेल.”

पुढे मासळीच्या दिवसांत साडेचारला त्या मुली यायच्या, हाताला बोंबलांचा वास, वेणीत मिठाचे कण. सर व्हरांड्यात बसायचे आणि उजेड असेपर्यंत शिकवायचे. बाष्पीभवन शिकवायला त्यांना पुस्तक लागलं नाही. भरती-ओहोटीचा धडा मात्र मुलींनीच सरांना शिकवला, आणि पुस्तकातली एक चूक दाखवली तेव्हा त्या माणसाला जो आनंद झाला, तो स्वतःचा पोरगा पास झाला तेव्हाही झाला नसेल.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कारकुनाच्या टेबलावर निवृत्तीची यादी बघितली आणि मी धावत सरांकडे गेले. “सर, मुली नववीत असतानाच तुम्ही निवृत्त होताय! ‘दहावीपर्यंत थांबेन’ असं लिहिलंत ना तुम्ही?”

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. जगातल्या साबणवाल्यांची, तेलवाल्यांची कुंडली मांडणारा माणूस बोटांवर वर्षं मोजायला लागला. दोनदा मोजली. मग हळूच म्हणाले, “हे तपासायचं राहून गेलं.”

वलसाडला मुलानं त्यांच्यासाठी घरात खोली काढून ठेवली होती, रंगसुद्धा दिला होता. मुलींच्या नववीच्या शेवटी निवृत्तीचा नारळ घेऊन सर घरी गेले आणि त्या दहावीत गेल्या, शाळा उघडली त्या दिवशी साडेचारला, बिनपगारी, पुन्हा व्हरांड्यात येऊन बसले. काकू मला म्हणाल्या, “जन्मात एकदा जाहिरात केली, ती निस्तरतायत.” पण रोज दुपारी चहाचा थर्मास त्याच भरून द्यायच्या, तेरा जणींना पुरेल एवढा.

तेरापैकी अकरा जणी दहावी पास झाल्या. निकालानंतर सर ती जाड वही घेऊन माझ्याकडे आले. शेवटच्या पानावर डाव्या बाजूला आमच्या काचेचा मजकूर चिकटवलेला. उजवी बाजू कोरी. म्हणाले, “आपल्याच मालाला आपण शेरा द्यायचा नसतो. तुम्ही लिहा.” मी एकेक वाक्य वाचून लिहीत गेले, खरं, खरं, खरं. ‘दहावीपर्यंत थांबेन’शी आले तेव्हा मला अक्षरं दिसेनात. छपराच्या दुरुस्तीसमोर मात्र त्यांनी माझा हात धरला. “तिथं ‘पाहू’.” वही माझ्याकडे ठेवून ते वलसाडला गेले.

त्यानंतर दर जूनमध्ये त्यांचं कार्ड यायचं. मजकूर एका शब्दाचा: ‘छप्पर?’ मी उलट टपाली लिहायची: ‘गळतं.’ तब्येत कशी आहे, काकू कशा आहेत, विचारायचं राहूनच जायचं. मग एका जूनमध्ये कार्ड आलं नाही. काकूंचं पत्र आलं.

यंदा छपरावर नवे पत्रे बसले. पहिल्या सरीला मी सवयीनं घमेलं घेऊन वर्गात गेले, तासभर उभी राहिले, एक थेंब आला नाही. घरी येऊन वही काढली, ‘पाहू’वर काट मारून ‘खरं’ लिहिलं. आणि त्याच झपाट्यात कार्ड घेऊन ‘छप्पर दुरुस्त झालं, सर’ असं लिहून वलसाडचा पत्तासुद्धा घातला. पेटीत टाकायला चप्पल घातली तेव्हा लक्षात आलं. कार्ड त्या वहीतच ठेवलंय.