नवसाबाईंची इटली

इटलीला जाणाऱ्या माणसांचा मला वीट आलेला आहे. एकोणीस वर्षं मी नाशिकच्या कॉलेज रोडवर टूर्सचं ऑफिस चालवते, आणि ‘व्हेनिस की फ्लोरेन्स’ या प्रश्नावर या खुर्चीत बसून मी जे काही ऐकलंय, त्याने कुणाचंही डोकं उठेल. एकाला व्हेनिस नको, कारण साडूने तिथले फोटो आधीच टाकलेत. एकीला फ्लोरेन्स नको, कारण तिथे म्हणे नुसत्या जुन्या इमारती. शेकडो वर्षांची ही दोन गावं, जगभरातली माणसं ती बघायला जीव टाकतात, आणि आमची माणसं विचारतात, नाश्त्याला पोहे मिळतील का. हल्ली तर टूरसोबत महाराज आहे का, हाच पहिला प्रश्न. महाराज म्हणजे आचारी. नाही म्हटलं की चेहरे पडतात.

मीही त्यांना हेच विकते, तेव्हा फार शहाणपणा करू नये. पण नवसाबाईंचं जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

नवसाबाई मखमलाबादच्या. आईबापांनी वणीच्या देवीला नवस बोलल्यावर झालेली पोर, म्हणून हे नाव. माळ्याच्या घरात दिलेल्या. मळ्यात गुलाब, झेंडू, मधूनमधून कोथिंबीर. चाळीस वर्षं त्या पहाटे पाटी घेऊन गणेशवाडीच्या फुलबाजारात यायच्या आणि दुपार कलेपर्यंत हार ओवायच्या. माझ्या ऑफिसातल्या गणपतीचा हार पहिल्यापासून त्यांच्याकडचा. नवरा पुंजा गेला, मग मळाही गेला. आता तिथे रो हाउसेस आहेत आणि त्यातल्या एकात मुलगा कुंदन राहतो. नवसाबाई अजूनही बाजारात येतात, दुसऱ्याची फुलं घेतात आणि ओवतात. कुंदन लोकांना सांगतो की आईचा टाइमपास होतो. ज्या कामाने त्याची फी भरली त्या कामाला टाइमपास म्हणायला जीभ कशी उचलते, देव जाणे.

तर मागच्या जानेवारीत हा कुंदन, त्याची बायको मनीषा, त्यांची अडीच वर्षांची मुलगी आणि नवसाबाई असे सगळे ऑफिसात आले.

“आईची एकसष्टी आहे मॅडम,” कुंदन म्हणाला. “समारंभ वगैरे नको, तिला इटली दाखवायची.”

मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना चहा सांगितला. तो चहा आठवला तरी आता स्वतःचा राग येतो.

दिवस मोजके होते. तीन दिवस रोम आणि मग चार दिवस दुसरं एकच गाव, एवढंच बसत होतं. मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि दोन्ही गावांचे फोटो लावले. कुंदनला व्हेनिस हवं होतं. मनीषाने विचारलं, “व्हेनिसला किचनवाला फ्लॅट मिळेल?”

“मिळेल, पण लहान आणि जिने चढून,” मी म्हटलं. “गावात गाड्या नाहीत. पावलोपावली पूल आणि पुलाला पायऱ्या. बाबागाडी उचलून न्यावी लागेल. फ्लोरेन्सला किचन आणि लिफ्ट असलेले फ्लॅट आहेत.”

“मग फ्लोरेन्सच,” मनीषा म्हणाली. “आई वरण-भात लावतील, पिल्लूची खिचडीपण होईल. दुपारी ती झोपते तेव्हा आई असतीलच तिच्यापाशी. आपल्याला निवांत फिरता येईल.”

“आमचा महाराज आमच्यासोबत,” असं म्हणून कुंदन हसला. मनीषा हसली. नवसाबाईही हसल्या, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

त्या मात्र स्क्रीनकडे बघत होत्या. व्हेनिसचा एक फोटो होता, कालव्यात उभी असलेली नाव आणि तिच्यावर मांडलेली भाजी. टोमॅटो, वांगी, पालेभाजीच्या जुड्या. काठावर गिऱ्हाईक उभं.

“ताई, हे खरं हाय का? पाण्यात भाजी इकत्यात?”

“खरं आहे मावशी.”

“मंग नाव हालती, तवा तराजू कसा धरत्यात?”

एकोणीस वर्षांत इटलीविषयी मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला उत्तर येत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि मग विचारलं, “मावशी, तुम्हाला कोणतं गाव आवडेल?”

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. “मला इचारता व्हय? मी जिथं गेले तिथं नवस फेडाया गेले. वणी, तिरंबक, शिर्डी. कधी पोराच्या तापाचा, कधी ह्यांच्या दारूचा. काय मागायचं नाय, काय फेडायचं नाय, नुस्तं बघून यायचं, आसं कवा घडलंच नाय. हे पाण्यातलं गाव तेवढं बघाया आवडंल.”

“अगं, त्या पाण्याला वास येतो आई,” कुंदन म्हणाला. “आणि पाणी काय, रामकुंडावर रोज बघतेस की.”

संपलं. फ्लोरेन्स ठरलं. एकसष्टी जिची, तिचं मत अर्ध्या मिनिटात निकालात काढून मंडळी चहाचे कप ठेवून उठली.

पुढचा आठवडाभर मनीषाचे फोन. फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायची तिकिटं दोन काढा. मी म्हटलं, तीन ना? ती म्हणाली, साडेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, आईंना जमणार नाही. तेही खरं. पण चित्रांच्या गॅलरीचीही दोनच.

“गॅलरीला लिफ्ट आहे,” मी म्हटलं.

“अहो, त्यांना काय कळणार चित्रांतलं? वाया जाईल.”

शहर फिरवून दाखवणाऱ्या गाइडसोबत दोघं. नदीकाठच्या जेवणाला दोघं. फ्लॅटमध्ये एक बेडरूम, आणि आईंसाठी किचनमधल्या सोफ्यावर अंथरूण. विमानात माणशी तेवीस किलो सामान नेता येतं हे कळल्यावर तर तिने कमाल केली. आईंच्या नावावरच्या तेवीस किलोंत कुकर, तांदूळ, मेतकूट, डाळी, लोणचं, पिल्लूचं नाचणी सत्त्व. आणि आईंचे कपडे? “दोन-चार साड्या तर असतात त्यांच्या. कोंबू कुठेतरी.”

मला शिसारी आली. स्वतःच्या पैशाने महाराज नेला असता तर त्याला निदान सुट्टी द्यावी लागली असती. आणि हे सगळं मी करत गेले, निमूटपणे. जिथे जिथे दोन म्हटलं तिथे दोन टाइप केलं.

आमच्याकडे प्रत्येक प्रवाशाची वेगळी फाइल लावायची पद्धत आहे. प्लास्टिकचं फोल्डर, वर पासपोर्टचा फोटो चिकटवलेला, आत त्या माणसाच्या तिकिटांचे आणि बुकिंगचे कागद. व्हिसाच्या अर्जावर सही करायला नवसाबाई एकट्याच आल्या, बाजार आटोपून, माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन. मी कपाटातून अर्ज काढत होते. टेबलावर चार फाइली होत्या. मागे वळले तर बाई एका हातात कुंदनची आणि दुसऱ्या हातात स्वतःची फाइल धरून उभ्या होत्या.

“ताई, माझी पातळ का?”

“कागद कमी आहेत मावशी.”

“ते दिसतंय. का कमी हायेत?”

मी काहीतरी बोलले. वयाचं, पायऱ्यांचं, सिनियर सिटिझनचं. मला स्वतःलाच ऐकवत नव्हतं.

“मला सहीपुरतं येतं, वाचता येत नाय ताई. पर शेकड्यानं फुलं मोजलीत, दोन आन् तीन कळत्यात.” त्यांनी दोन्ही फाइली होत्या तशा नीट ठेवल्या. “मला सैपाकाला नेत्यात.”

मी हातातला अर्ज टेबलावर ठेवला.

“त्याचं काय नाय. सैपाक घरी बी करतेच. पर एकसष्टीचं नाव कशाला घ्यावं? सगळ्या बाजाराला सांगून बसले मी. माझ्या शेजारी हार ओवती त्या फुलाबाईनं जायला तिची चांगली पिशवी दिली.” त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “माझं नाव काढा. पर मी नाय म्हनले आसं सांगू नका. तुमच्याकडनंच काय तरी अडलं म्हना. त्याला कळलं की मला समजलं, तर पोरगा तोंड दाखवाया लाजंल.”

“लाजू दे की,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“नको. शब्द द्या.”

मी शब्द दिला. त्यांनी अर्जावर सही केली नाही, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मी कुंदनला फोन केला आणि धडधडीत खोटं बोलले. व्हिसाला बोटांचे ठसे द्यावे लागतात, आईंचे आमच्या मशीनवर उमटत नाहीत, हार ओवून बोटं गुळगुळीत झालीत, अशी फाइल लावली तर सगळ्यांचाच व्हिसा अडकेल. त्याने चटकन विश्वास ठेवला. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा घेत नाही म्हणाला. “अरेरे, बिचारी,” तो म्हणाला, आणि घरी बोलून सांगतो म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, आता निदान बेत पुढे ढकलेल. आई नाही तर इटली नाही, असं काहीतरी म्हणेल. इतक्या वर्षांनंतरही मी इतकी भाबडी कशी राहिले कुणास ठाऊक.

वीस मिनिटांत त्याचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

“मॅडम, आम्ही विचार केला. आई नाशिकलाच असणार, तर पिल्लूला तिच्याकडेच ठेवू. तिलाही बरं वाटेल. मग दोघंच, म्हणजे किचनची भानगडच नाही. तुम्ही ते फ्लोरेन्स रद्द करा आणि व्हेनिस घ्या. आई म्हणत होतीच ना, व्हेनिस चांगलं आहे.”

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, आणि दोघांचं व्हेनिस बुक केलं. बाईंना दिलेला शब्द पाळला म्हणायचं. त्या शब्दाचीही मला किळस आली.