पाणी छातीपर्यंतच होतं

"मुग्धाला कळता कामा नये हं. पाणी छातीपर्यंतच होतं."

मुग्धा म्हणजे मीच, पण हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. इथल्या घरांत बेसमेंटमधलं बोलणं हीटिंगच्या व्हेंटमधून थेट किचनमध्ये येतं, हे पटवर्धन काकांना कॅल्गरीत उभं आयुष्य काढूनही माहीत नव्हतं. मी वर त्यांच्याच ओट्याशी चहा गाळत होते.

"अन् वाहून तरी किती गेला बे? थोडासाच तर!" हा मिलिंद, नागपूरचा.

"मिल्या, हळू बोल." हा निखिल, माझा नवरा. वाहून गेलेला!

मी ट्रे घेऊन खाली गेले. तिघंही दिव्याखाली वाकून, गळाला पिसं आणि दोरा गुंडाळत माशांसाठी खोट्या माश्या बनवत होते.

"वा वहिनी, चहा एक नंबर!"

"साखर बरोबर आहे ना?" मी विचारलं.

बोलक्या माणसाला लोक किस्से सांगतात. न बोलणाऱ्याकडे ते आपोआप साठतात, हिवाळ्यात पॉटलकच्या जेवणाला दाराशी बूट साठतात तसे. लग्न करून आले त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडे इतके साठले, की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

*

काका या टोळीचे गुरू. तेल कंपनीत जिऑलॉजिस्ट होते, आता रिटायर्ड. निखिल आणि मिलिंद एकाच ऑफिसात सॉफ्टवेअरवाले. मी येण्याच्या आदल्या वर्षी काकांनी दोघांना ट्राउट मासे पकडायच्या नादाला लावलं, तेही भर हिवाळ्यात.

एकदा धीर करून मी विचारलं, "काका, उन्हाळ्यात नाही का मिळत मासे?"

"उन्हाळ्यात कोणीही पकडेल! थंडीत मासा आळशी होतो. खोल पाण्यात तळाशी पडून राहतो. तो आपल्याकडे येत नाही, आपण त्याच्याकडे जायचं."

हे त्यांनी मला समजावून सांगितलं. माझी काळजी कमी व्हावी म्हणून!

*

शैला काकू मालवणच्या. पहिल्यांदा हे तिघं मोठा ब्राउन ट्राउट मिळाल्याचा फोन करून घरी निघाले, तेव्हा काकूंनी नारळ वाटला, कोकमं भिजत घातली, भात लावला.

तिघं आले. कॅमेरा पुढे केला.

"मासा कुठाय?"

"सोडला."

"सोडला म्हणजे?"

"अगं, तसंच असतं. पकडायचा, फोटो काढायचा, अलगद सोडायचा."

काकू कढईकडे बघत म्हणाल्या, "मग आता फोटोला फोडणी देऊ का?"

काकांवरचा राग निवतो न निवतो तोच काकूंना दुसरा शोध लागला. नव्या माशीवर चमकतेय ती सोनेरी जर, आणि ती त्यांच्या लग्नातल्या शालूच्या पदराची! त्याच माशीला तो ब्राउन लागला होता.

"बघ," काकू मला म्हणाल्या, "माझ्या शालूवर मासासुद्धा भाळला. हे कधी भाळले नाहीत!"

मी हसले. पण हसताना डोक्यात एकच होतं: फोटोत पाणी निखिलच्या कमरेच्याही वर दिसत होतं.

*

सासूबाई शनिवारी वेबकॅमवर यायच्या. पुण्यात संध्याकाळ, आमच्याकडे सकाळ.

"निखिल कुठाय?"

"नदीवर गेलाय."

"या थंडीत? आंघोळीला?"

"नाही आई... मित्रांबरोबर. फिरायला."

"काठावरूनच फिरा म्हणावं. पाण्यात दगड होतो त्याचा. गणपती विसर्जनाला मी त्याचा शर्ट मुठीत धरून उभी राहायचे. कॉलेजात होता तरी!"

कॉल संपल्यावर मी खिडकीतून थर्मामीटर पाहिला. शून्याच्या खाली कितीतरी. शर्ट धरायला नदीवर कोण होतं?

*

गारठ्यात रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो आणि दोरी अडकते. बाकीचे लोक त्यावर कसलंसं मलम लावतात. काकांनी डबीतून साजूक तूप नेलं.

एकदा तपासणी अधिकारी आला. आमच्या इथे नदीत आमिष वापरायला बंदी. त्याने डबी उघडली, वास घेतला.

"सर, हे माशांसाठी आहे?"

"नाही, बर्फासाठी."

त्याने पुन्हा वास घेतला. तेवढ्यात त्याचा कुत्रा मिलिंदच्या रॉडपाशी गेला आणि टोकापासून मुठीपर्यंत रॉड चाटून साफ केला.

"ऑफिसर," मिलिंद म्हणाला, "तुमच्या कुत्र्याला म्हणा, पोळीपण आहे!"

हा किस्सा सांगताना तिघं लोटपोट हसतात. अधिकारी जाताना जे म्हणाला, ते मात्र मला मिलिंदने चुकून सांगितलं: काठाचा बर्फ खालून पोकळ झालाय, त्यावर उभे राहू नका.

"मग?" मी विचारलं.

"मग काय वहिनी, आम्ही पाण्यात उभे राहिलो!"

*

आमचं ठरलं होतं, गाडीशी परत आलं की निखिलने मला मिस्ड कॉल द्यायचा. त्या दिवशी कॉल आला नाही. दुपार उलटली. मी खिचडी टाकायची म्हणून तांदळाचा डबा उघडला, वाटी आत घातली, तर खट् वाजलं.

तांदळात फोन!

म्हणजे तो परत येऊन, भिजलेला फोन सुकायला डब्यात पुरून, बाथरूममध्ये गरम शॉवरखाली उभा होता. मी लाँड्री रूममध्ये होते, मला पत्ताच नाही.

बाहेर आला, ओठ अजून निळसर. "फोन सिंकमध्ये पडला," म्हणाला.

"बरं," मी म्हटलं आणि खिचडीत आलं जास्त घातलं.

*

फेब्रुवारीत चिनूक सुटला. पहाडावरून येणारा हा कोमट वारा एका सकाळीत अंगणातला बर्फ वितळवतो. रविवारी तिघं निघाले, या वेळी काकूही सोबत होत्या, आणि मी कोट घालून मागच्या सीटवर काकूंशेजारी जाऊन बसले. नदीवर पोचलो. काकूंनी मोजे विणायला काढले आणि गाडीत हीटर लावून बसल्या. मी काठावर उतरले.

नदी मधोमध काळी, दोन्ही कडांना पांढरी. तिघं ओळीने छातीपर्यंतच्या रबरी पँटा घालून पाण्यात. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मिलिंदचा रॉड वाकला.

"लागला बे! मोठा हाय! निखिल, जाळी आण!"

निखिल पाण्यातून काठावर चढला आणि जाळी घेऊन बर्फाच्या कडेवरून धावला. कड तुटली. आधी आवाज आला, मग निखिल दिसेनासा झाला, मग टोपी दिसली, मग तो.

"जाळी सोडू नकोस!" काका ओरडले.

"दोरीवर नको येऊ बे, मासा सुटेल!" मिलिंद ओरडला.

दोघंही जागचे हलले नाहीत. निखिलच्या हाताला एक खडक लागला. त्याला मिठी मारून तो थोडा वेळ तसाच राहिला. मग रांगत काठाला आला.

काकूंनी ब्लँकेट आणलं. गाडीच्या उबेत निखिलचे दात वाजायचे थांबले, आणि तिघं हसायला लागले.

"घाबरलीस का गं?" काका मला म्हणाले. "अगं, मिलिंद शेजारीच होता. म्हणून तर मी निर्धास्त!"

"मी? मी तर काकांच्या भरवशावर होतो," मिलिंद म्हणाला.

"आणि मला माहीत होतं," निखिल म्हणाला, "हे दोघं आहेत म्हटल्यावर काही होत नाही."

मी निखिलच्या ओल्या शर्टाची कॉलर मुठीत धरून बसले होते. तशीच धरून मी म्हटलं,

"तुमच्या तिघांत पोहता कोणाला येतं?"